रिकामं घर, काउन्सिलच्या बाई आणि आमचं वास्तव्य

इंग्लंडमध्ये बंद पडलेली घरं परत वापरात आणायची म्हणून बऱ्याच काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकांमध्ये, एक खास माणूस नेमलेला असतो, एम्प्टी होम्स ऑफिसर म्हणतात त्याला, आणि आम्ही इथे इतकी वर्षं राहूनही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आता आम्ही अशाच एका घरात राहतोय. ओळखीतले सगळे विचारतात की हे जमवलं कसं, कारण राइटमूव्ह या घरविक्रीच्या वेबसाइटवर हे घर कधी आलंच नाही, विक्रीची पाटीसुद्धा कधी लागली नाही. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते, फोनवर अर्धवट सांगून लोकांचा गोंधळच जास्त होतो.

वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात आम्ही भाड्याने राहत होतो. दगडी टेरेस्ड घरं, एकाला एक चिकटलेली, दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक. त्याच रस्त्यावर पुढे एक घर २०१८ पासून बंद होतं, तिथल्या आजी गेल्या आणि तेव्हापासून दाराला हात लागला नाही. पुढची पन्हळ तुटलेली त्यामुळे पावसाचं पाणी सरळ भिंतीवरून खाली, दगडावर हिरवं शेवाळ, धुराड्यातून बडलियाचं झुडूप उगवलेलं, छपराच्या दोन-तीन स्लेट निसटून तिथून कबुतरं आत शिरायची. मागच्या अंगणात नेटल, म्हणजे अंगाला खाज आणणारं तण, कमरेएवढं वाढलेलं. पण खरा त्रास होता तो शेजारच्या आजोबांना. त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत त्या घराला लागून, आणि त्या भिंतीला वर्षभर ओल, काळी बुरशी, त्यांनी दोनदा रंग काढला तरी परत तेच. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, छातीचा आजार, आणि पलीकडच्या घराला मालक असूनही नसल्यासारखा. मला त्या घराबद्दल पहिल्यांदा जे वाटलं ते घर घ्यावं असं नव्हतंच, आजोबांची खोली कोरडी व्हावी एवढंच वाटलं होतं.

मालक कोण हे आधी आम्हीच शोधायला गेलो. इथे लँड रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर पत्ता टाकून मालकी हक्काचा उतारा काढता येतो, तेव्हा त्याला ३ पाउंड लागायचे, २०२४ च्या डिसेंबरपासून ७ झालेत. तर आम्ही पत्ता टाकला आणि उत्तर आलं की या मालमत्तेची नोंदच नाही. आम्हाला वाटलं काहीतरी घोळ आहे. तसं नव्हतं. इंग्लंड-वेल्समध्ये विक्री झाली की नोंदणी करायचीच ही सक्ती टप्प्याटप्प्याने येत गेली आणि सगळीकडे लागू व्हायला १९९० उजाडलं, त्यामुळे ज्या घराची आमच्या भागात सक्ती यायच्या आधी खरेदी झाली आणि नंतर व्यवहारच झाला नाही ते रजिस्टरमध्ये येत नाही. आजींनी आणि त्यांच्या नवऱ्याने घर साठच्या दशकात घेतलेलं. म्हणजे मूळ कागद कुठल्यातरी कपाटात किंवा जुन्या सॉलिसिटरकडे, म्हणजे वकिलाकडे असणार. जुनी बंद घरं अशी बिननोंदणीची निघणं यात नवल काही नाही आणि बाहेरचा माणूस बहुतेक वेळा इथेच अडकतो.

मग काउन्सिलच्या वेबसाइटवर रिकाम्या घराची तक्रार करायचा फॉर्म सापडला तो भरला. त्यात आजोबांच्या ओलीचं लिहिलं, कबुतरांचं लिहिलं, फोटो जोडले, आणि शेवटी एक ओळ टाकली की मालकांना विकायचं असेल तर आम्हाला राहायला घर हवंय. फारशी आशा नव्हती खरं सांगायचं तर, पण थोड्या दिवसांनी एका बाईंचा फोन आला, त्याच ऑफिसर. पहिल्याच फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितलं की मालकाचं नाव-पत्ता मी तुम्हाला देऊ शकत नाही, कायद्याने नाहीच देता येत, पण तुम्ही पत्र लिहून माझ्याकडे द्या मी ते पोचवते. त्यांना स्वतःला मालक कसा सापडतो तर काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, नोंदींवरून. २००३ च्या एका कायद्याने काउन्सिलला ही माहिती रिकामी घरं वापरात आणण्यासाठी वापरायची मुभा दिली.

काउन्सिल यात का पडते हेही त्यांच्याकडूनच कळलं. एकट्या इंग्लंडमध्ये सहा महिन्यांहून जास्त काळ रिकामी असलेली घरं अडीच लाखांच्या वर आहेत. आणि दुसऱ्या बाजूला २०२४ मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यात, म्हणजे हॉटेलच्या खोलीत वगैरे, काउन्सिलने ठेवलेली कुटुंबं १ लाख २० हजारांच्या आसपास होती, त्यात मुलंच दीड लाखांच्या वर. त्या खोल्यांचं बिल काउन्सिलच भरते. त्या म्हणाल्या, माझ्या यादीतलं एकेक घर उघडलं की निदान एका कुटुंबाची सोय होते, मग ते विकत घेणारं असो की भाड्याने राहणारं. हे आकडे आधी कुठेतरी वाचले असतील मी, पण रोज त्या घरासमोरून मुलाला शाळेत नेताना त्याचा अर्थ वेगळाच लागायला लागला.

आता हे घर अडलं कशामुळे होतं? मला वाटायचं मालक श्रीमंत असेल, भाव वाढायची वाट बघत बसला असेल. तसं काही नव्हतं. आजींना एक मुलगा एक मुलगी, दोघंही साठी ओलांडलेले, दोघं दोन टोकांना, आणि आजी आजारी असताना कुणी किती केलं यावरून बोलणं बंद झालेलं. मृत्युपत्रात घर दोघांना अर्धं अर्धं आणि दोघंही एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी दोघांवर. दोघांत बोलणंच नाही, मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे मालमत्तेचे व्यवहार करायला लागणाऱ्या कायदेशीर मंजुरीचा, अर्जच कुणी केला नाही. हे ऐकल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, अरे हे तर आपल्याच गावचं झालं. आमच्या सासरी चिपळूणजवळ घराला कुलूप आहे ते याचसाठी, सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं वाढत चालली आणि कौलं खाली येतायत. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडे असते असं नाही.

आणि यात टॅक्सचा एक मोठा खाचखळगा आहे. इथे मालक वारला आणि घर रिकामं राहिलं तर प्रोबेट मिळेपर्यंत आणि नंतरही सहा महिने काउन्सिल टॅक्स माफ असतो, क्लास एफ सूट म्हणतात. हेतू चांगलाच आहे, दुःखात असलेल्या घरच्यांना लगेच बिल नको. पण प्रोबेट काढलंच नाही तर ही सूट चालूच राहते! म्हणजे घर वर्षानुवर्षं बंद आणि मालकांच्या खिशाला काही चटका नाही. उलट ज्याने वेळेवर प्रोबेट काढलं त्याचं मीटर मात्र सुरू होतं. आणि ते मीटर आता जोरात पळतं, २०२४ च्या एप्रिलपासून एक वर्ष रिकाम्या आणि बिनसामानाच्या घराला काउन्सिल दुप्पट टॅक्स लावू शकते, आधी ही मुदत दोन वर्षांची होती, पाच वर्षं झाली की तिप्पट, दहा वर्षांनी चौपट. विक्रीला काढलेल्या किंवा मोठी दुरुस्ती चालू असलेल्या घराला २०२५ पासून काही काळ सवलत आहे. माझं स्पष्ट मत आहे की क्लास एफ सुटीला वर्ष-दोन वर्षांची हद्द घातली पाहिजे, नाहीतर सगळ्यात जास्त अडकलेली घरंच या दट्ट्यातून सुटतात.

बाईंकडे धाक दाखवायची हत्यारं भरपूर होती आणि त्यांनी ती एकेक करून मला समजावली पण. १९९० च्या प्लॅनिंग कायद्याचं कलम २१५, ज्याने घराच्या अवकळेमुळे परिसर बिघडत असेल तर मालकाला साफसफाई-डागडुजीची नोटीस देता येते. उंदीर-घुशींसाठी १९४९ चा वेगळा कायदा. काउन्सिलने स्वतः खर्च करून काम केलं आणि मालकाने पैसे दिले नाहीत तर तो बोजा घरावर चढवून सक्तीची विक्री. २००४ च्या हाउसिंग कायद्यात अशी पण सोय आहे की काउन्सिल घराचा ताबा घेऊन सात वर्षांपर्यंत भाड्याने देऊ शकते, पण ती फार क्वचित वापरतात कारण घर दोन वर्षं रिकामं पाहिजे, त्याचा आजूबाजूला उपद्रव पाहिजे, ट्रायब्यूनलची, म्हणजे न्यायाधिकरणाची परवानगी पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी सक्तीचं संपादन. त्या म्हणाल्या संपादनाला वर्षं जातात, खर्च होतो, आणि मला तिथपर्यंत जावं लागलं म्हणजे आधीचं सगळं फसलं असं मी धरते. त्यांचा मुख्य भर फोनवर. पत्र पाठवायचं, उत्तर नाही आलं की परत पाठवायचं, फोन करायचा, आणि माणसाला आधी बोलू द्यायचं. घराबद्दल नाही तर आईबद्दल.

आमचं पत्र मी स्वतः हाताने लिहिलं. कारण रिकाम्या घराच्या मालकांना रोख पैशात घर घेतो म्हणणाऱ्या कंपन्यांची छापील पत्रं सारखी येत असतात, ती थेट कचऱ्यात जातात. मी लिहिलं की आम्ही याच रस्त्यावर राहतो, मुलगा कोपऱ्यावरच्या शाळेत जातो, आम्हाला घर भाड्याने देऊन कमवायचं नाहीये तर राहायचंय, आणि शेजारच्या आजोबांच्या भिंतीला तुमच्या पन्हळीमुळे ओल येतेय. हे शेवटचं वाक्य घालायचं की नाही यावर घरात वाद झाला, नवरा म्हणाला त्यांना राग येईल. मी घातलंच. नंतर आजींच्या मुलीने, म्हणजे आता त्याही साठीच्याच, सांगितलं की आजोबांचं वाचून त्या हलल्या, कारण आजोबांनीच त्यांच्या आईला शेवटी शेवटी रोज दूध-ब्रेड आणून दिलेला होता. त्यांना कल्पनाच नव्हती तिथे असं काही चाललंय, त्या घराकडे फिरकायचंच टाळत होत्या इतकी वर्षं.

भाऊ मात्र लवकर तयार झाला नाही. त्याच्याशी बाईंनी किती वेळा बोलणं केलं मला माहीत नाही, पण पन्हळीसाठी कलम २१५ ची नोटीस काढायची तयारी चाललीय असं पत्र गेलं आणि मग त्याचा फोन आला. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही लागलं, नुसता धाक असता तर तो वकील घेऊन बसला असता आणि नुसतं गोड बोलणं असतं तर अजून पाच वर्षं गेली असती. बहीण-भाऊ एकमेकांशी थेट बोलले नाहीतच शेवटपर्यंत, सगळं सॉलिसिटरच्या मार्फत, पण प्रोबेटच्या अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या. अर्जाची फी तेव्हा ३०० पाउंड, बस. तेवढ्या कागदासाठी एक अख्खं घर कुजत होतं.

किमतीत काउन्सिल अजिबात पडत नाही हे लक्षात ठेवा. दोन एजंटांकडून दोन्ही बाजूंनी किंमत काढून घेतली आणि मधे कुठेतरी जमलं. मूळ कागदपत्रं ज्या सॉलिसिटरकडे ठेवलेली ती फर्म दुसऱ्या फर्ममध्ये विलीन झालेली, तिथून गठ्ठा शोधून यायला बराच वेळ गेला, आणि विक्रीनंतर पहिली नोंदणी करायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे आमच्या सॉलिसिटरचं काम आणि फी वाढली.

कर्जाचं सगळ्यात जास्त टेन्शन आलं. घरात चालू स्वयंपाकघर नाही, चालू बाथरूम नाही, तर नेहमीच्या बँका राहण्यायोग्य नाही म्हणून सरळ नकार देतात. आमच्या नेहमीच्या बँकेने तर सर्व्हेयर पाठवायच्या आधीच नाही म्हटलं. मग कर्जाच्या ब्रोकरने लहान बिल्डिंग सोसायट्यांकडे, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या सभासदांच्या संस्थांकडे वळवलं, पडीक घरांना कर्ज देणाऱ्या काही आहेत, त्या पैसे टप्प्याटप्प्याने देतात, छप्पर झालं की पुढचा हप्ता, वायरिंग झालं की त्यापुढचा. तोपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही. ज्यांच्या हाताशी थोडी शिल्लक नाही त्यांना हा मधला काळ जड जाईल, हे आधीच सांगते. काही काउन्सिल अशा घरांसाठी बिनव्याजी किंवा कमी व्याजाचं कर्ज देतात, वेल्समध्ये तर २५ हजार पाउंडांपर्यंतची ग्रँट योजना आली होती, आमच्याकडे तसं काही नव्हतं. विमा पण वेगळा लागतो, घर महिना-दोन महिने रिकामं राहिलं की साध्या पॉलिसीतलं बरंचसं संरक्षण गळून पडतं.

आता व्हॅटचं, आणि हे कृपया नीट वाचा कारण इथे हजारो पाउंड वाचतात आणि बिल्डरलासुद्धा नेहमी माहीत नसतं. घर काम सुरू व्हायच्या लगेच आधी सलग दोन वर्षं रिकामं असेल तर दुरुस्तीवर २० टक्क्यांऐवजी ५ टक्के व्हॅट लागतो. समजा काम ४० हजारांचं आहे, तर व्हॅट ८ हजारांऐवजी २ हजार, सरळ ६ हजार वाचले. त्यासाठी पुरावा लागतो आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्याच एम्प्टी होम्स ऑफिसरचं पत्र, ते असलं की टॅक्सवाले दुसरं काही मागत नाहीत. हे पत्र काम सुरू करायच्या आधी मागून घ्या आणि बिल्डरला कोटेशनच्या वेळीच दाखवा. बिल्डर व्हॅटला नोंदलेला पाहिजे, आणि सामान त्याने लावून बिलात धरलेलं पाहिजे, तुम्ही स्वतः दुकानातून टाइल्स आणल्या तर त्यावर पूर्ण २० टक्केच. कार्पेट, बेडरूमची कपाटं, परांची, आर्किटेक्टची फी यांना ही सवलत नाही. आणि आधी राहायला जाऊन मग काम काढणार असाल तर अटी बदलतात, तेव्हा अकाउंटंटला विचारूनच काय ते करा. आमच्या पहिल्या बिल्डरने असं काही नसतंच म्हणून वाद घातला, मी सरकारी नोटीस ७०८ छापून समोर ठेवली, तरी ऐकेना, मग दुसरा बघितला.

कामाचं फार सांगत नाही, ते सगळीकडे सारखंच. छप्पर, पन्हळी, पूर्ण वायरिंग, शिशाचा पाण्याचा पाइप बदलला, पुढच्या खोलीच्या लाकडी तुळयांची टोकं कुजलेली ती कापून नवी जोडली. जुन्या आर्टेक्सच्या, म्हणजे खडबडीत नक्षीच्या लेपाच्या, छतात अॅस्बेस्टॉस असू शकतो म्हणून तोडायच्या आधी नमुना तपासून घेतला. पहिल्यांदा पन्हळ बसवली, बाकी सगळं नंतर, कारण आजोबांची भिंत वाळायला वेळ लागणार होता. दगडी भिंत हळूहळूच सुकते, त्यांच्या बाजूचं सिमेंटचं प्लास्टर काढून चुन्याचं करून घेतलं, ते आम्ही आमच्याच खर्चात धरलं.

पुण्याहून सगळ्यांचा ठरलेला प्रश्न, तिकडे एका पाउंडात घर मिळतं ना? तर ती गोष्ट खरी आहे पण वेगळी आहे. लिव्हरपूलने २०१३ मध्ये काही रिकामी घरं एकेक पाउंडाला द्यायला सुरुवात केली, स्टोक-ऑन-ट्रेंटनेही त्याच वर्षी. अटी होत्या, त्या शहरात राहणारा किंवा काम करणारा पाहिजे, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं, पाच वर्षं स्वतः राहायचं. आणि ती घरं रिकामी का झाली होती तर २००२ पासूनच्या एका सरकारी योजनेत पाडून नवीन बांधू म्हणून लोकांना उठवलं आणि २०११ मध्ये पैसाच बंद झाला. माणसं बाहेर, घरांना पत्रे ठोकलेले. तिथल्याच ग्रॅनबी भागात राहिलेल्या लोकांनी मात्र रस्ता सोडला नाही, स्वतः झाडं लावली, घरांना रंग दिला, ट्रस्ट काढून घरं परत उभी केली, आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या असेंबल नावाच्या गटाला २०१५ मध्ये टर्नर प्राइज मिळालं, जे एरवी चित्रकार-शिल्पकारांना मिळतं. मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे. रस्त्यावरच्या माणसांनीच लावून धरलं की काउन्सिलपण हलते, हे आमच्याकडे लहान प्रमाणात मीही बघितलं.

किल्ली मिळायच्या आधी आजींची मुलगी एकदा येऊन गेल्या. आत घेऊन गेले, त्या जिन्यावर बसून बराच वेळ रडल्या, मग म्हणाल्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला मोठी करा, आईला नेहमी करायची होती. आम्ही केली.

राहायला गेल्यावर बाई शेवटचं बघायला आल्या, कारण घर वापरात आलं याची नोंद त्यांना करावी लागते, त्यावर त्यांच्या विभागाचं वर्षाचं काम मोजलं जातं. सबंध काउन्सिलमध्ये या कामाला त्या एकट्याच आहेत, त्यातही आठवड्यातले काहीच दिवस, आणि यादीत शेकडो पत्ते. जिथे हे पद रिकामं आहे तिथे तक्रारीचा फॉर्म भरून काही होत नाही, तेव्हा तुमच्या भागात ऑफिसर आहे का हे आधी विचारा आणि नसेल तर आपल्या काउन्सिलरला, म्हणजे नगरसेवकाला पत्र लिहून मागा, हे पद ठेवायला लागणारा पगार एका कुटुंबाला वर्षभर हॉटेलात ठेवण्यापुढे काही फार नाही. जाताना त्यांनी विचारलं की दुसऱ्या कुणाला माहिती हवी असली तर तुमचा नंबर देऊ का, आणि मी हो म्हटलं. आता सध्या खालच्या रस्त्यावरच्या एका बंद घरासाठी एक नायजेरियन जोडपं धडपडतंय, त्यांना व्हॅटच्या पत्राचा नमुना कालच पाठवला.